आतडी चिकटणे : एका वेदनेच्या नावांचा इतिहास

पोटावर एकदा शस्त्रक्रिया झाली, किंवा पोटात एकदा पू होऊन तो कालांतराने निवळला, की आत आतडी एकमेकांस, पोटाच्या भिंतीस अथवा शेजारच्या इंद्रियास चिकटून राहू शकतात, हे आज वैद्यक न शिकलेल्या माणसासही ठाऊक असते. 'आतडी चिकटली आहेत' हे वाक्य कोणत्याही रुग्णालयाच्या बाकावर ऐकू येते. या चिकटण्याचे दोन परिणाम संभवतात. पहिला आंत्ररोध : तयार झालेल्या बंधात आतड्याचा वेढा अडकतो, अन्न पुढे सरकत नाही आणि वेळीच उपाय न झाल्यास मृत्यू ओढवतो. दुसरा परिणाम जीव घेत नाही, पण वर्षानुवर्षे सोडतही नाही. जेवणानंतर, कूस बदलताना, ओणवे होताना, गाडीच्या हादऱ्याने पोटात ओढ बसते व ती तासन्‌तास राहते. पहिल्या परिणामाचा इतिहास शल्यचिकित्सेच्या ग्रंथांत रीतसर नोंदला गेला आहे. दुसऱ्याचा लिहू गेल्यास प्रारंभीच अडचण येते, ती अशी की या वेदनेस स्वतंत्र नावच मिळालेले नाही. प्रस्तुत लेखक वैद्य नसून भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. तेव्हा शब्दांच्या मागोव्याने जाण्याखेरीज त्याला दुसरी वाट नाही. मात्र या वाटेने गेले असता एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्णास जागेपणी विचारले गेले तेव्हा या वेदनेविषयीचे ज्ञान पुढे सरकले. केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूवर विसंबले गेले तेव्हा कधी अतिविश्वासाची, तर कधी अविश्वासाची चूक घडली.

आपल्याकडील जुन्या शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. संस्कृतातील 'शूल' हा शब्द मुळात टोकदार हत्याराचा, भाल्याचा किंवा सुळाचा वाचक. मराठीत त्याची दोन रूपे नांदतात : गुन्हेगारास ज्यावर चढवीत तो 'सूळ', आणि पोटात उठतो तो 'शूळ'. वेदनेचे हे नाव बाहेरून भोसकणाऱ्या शस्त्रावरून पडलेले आहे. दुसरा शब्द 'गुल्म'. त्याचा मूळ अर्थ झुडुपांचा पुंजका. आयुर्वेदात तो पोटात गोळ्यासारख्या जाणवणाऱ्या विकाराचे नाव झाला आणि त्याचे पाच प्रकार सांगितले गेले. मराठीतील 'वायगोळा' हा या कल्पनेचाच घरगुती वारस होय. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की चिकटण्याची कल्पना प्राचीनांना अपरिचित नव्हती, परंतु ती त्यांनी निराळ्या ठिकाणी ठेवली होती. सुश्रुतसंहितेत बद्धगुदोदर नावाचा विकार वर्णिला आहे. लिप्त होणाऱ्या चिकट अन्नाने, किंवा अन्नातून गेलेल्या केसांनी व खड्यांनी आतडे तुंबते, असे तेथे म्हटले आहे. चिकटपणा आहे, पण तो अन्नाचा आहे. आतड्याचे आतड्याशी चिकटणे तेथे नाही. त्याच ग्रंथात या विकारावर नाभीखाली डाव्या बाजूस छेद घेऊन, चार अंगुळे आतडे बाहेर काढून, अटकाव दूर करून, मध व तूप लावून ते परत आत ठेवण्याची क्रिया सांगितली आहे. अशा क्रियेनंतर जगलेल्या माणसाचे पोट पुढे कसे वागले, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. शस्त्रक्रियेचे वर्णन रुग्ण बरा झाला की संपावे, ही लेखनरूढी फार जुनी आहे.

रुग्णाच्या बाजूने बोलणारा मजकूर आपल्याला वैद्यकाबाहेर शोधावा लागतो. सोळाव्या शतकातील 'गुरुचरित्रा'च्या तेराव्या अध्यायात गोदातीरी वासरब्रह्मेश्वर येथे उदरव्यथेने पिडलेला एक ब्राह्मण जीव देण्यास निघालेला दिसतो. तो पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने एकदा जेवतो, कारण जेवले की वेदना उठते. ज्या अन्नावर प्राण जगतात तेच त्याचे वैरी झाले आहे. श्रीगुरू सायंदेवास त्याला भोजन घालावयास सांगतात, तेव्हा सायंदेव कचरतो, कारण जेवणाने हा माणूस मरेल आणि दोष आपल्या माथी येईल, असे त्याला भय वाटते. कथा कृपेची आहे व तिचा शेवट तसाच होतो. या ब्राह्मणास कोणता रोग होता हे ठरविण्याचा खटाटोप येथे करावयाचा नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या पात्राची नाडी पाहणे हा इतिहासलेखनाचा मार्ग नव्हे. परंतु अन्नाचे भय, यजमानाचा संकोच आणि दुखण्याचा दीर्घ काळ या तिन्ही गोष्टी कथाकाराला नेमक्या ठाऊक आहेत. पोटदुखीने माणूस पंक्तीतून उठतो आणि मग हळूहळू समाजातूनही उठतो, हे त्या अध्यायाने जितके स्पष्ट सांगितले आहे तितके पुढील कित्येक शतकांच्या वैद्यकीय लेखनाने सांगितलेले नाही.

आता ज्या शब्दाने ही अवस्था आज वैद्यकात ओळखली जाते त्या 'अधिजन' या शब्दाकडे वळू. इंग्रजी उच्चाराचे देवनागरी रूप आपण चालवून घेतले असले तरी त्याचे मूळ लॅटिनमधील 'चिकटून असणे' या क्रियापदात आहे. पोटाच्या संदर्भात त्याला वजन प्राप्त करून दिले ते जॉन हंटर या लंडनच्या शल्यविशारदाने. रक्त, दाह व बंदुकीच्या जखमा यांवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १७९४ साली, प्रसिद्ध झाला. त्यात त्याने दाहाचे प्रकार पाडताना पहिले स्थान 'चिकटविणाऱ्या दाहा'ला दिले. हंटरच्या मते हा दाह हितकर होय. पोटासारख्या पोकळीत पू पसरण्यापूर्वी शेजारचे भाग एकमेकांस चिकटतात आणि पुवाला बांध घालतात. निसर्गाची ही तटबंदी नसती तर प्रत्येक गळवाने जीव घेतला असता. म्हणजे हा शब्द वैद्यकात आला तो गौरवाचा शब्द म्हणून.

पुढील पाऊणशे वर्षे हाच सूर टिकला. पॅरिसच्या लांबेर याने १८२६ साली आतडे शिवण्याची नवी रीत सांगितली, तिचे सारे यश चिकटण्यावरच अवलंबून होते : आतड्याची बाहेरील गुळगुळीत बाजू बाहेरील बाजूस भिडवून टाका घातला की ते पृष्ठभाग लवकर एकजीव होतात. आजही आतड्याचा टाका याच तत्त्वावर टिकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रदरफर्ड मॉरिसन याने पोटातील वपेच्या पडद्याला 'पोटातील पोलीस' म्हटले, कारण जिथे गडबड तिथे तो जाऊन चिकटतो. पोलिसाने एकदा घरात मुक्काम ठोकला की घरच्यांची काय अवस्था होते, हा प्रश्न त्या रूपकात अर्थातच नाही.

ईथरची गुंगी १८४६ पासून आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धती १८६७ पासून उपलब्ध झाल्यावर पोट उघडणे हे मृत्युदंडासमान राहिले नाही. लोक शस्त्रक्रियेतून वाचू लागले. आणि वाचलेल्या लोकांची पोटे पुन्हा दुखू लागली. लंडनच्या गाइज रुग्णालयातील टॉमस ब्रायंट याने १८७२ साली अंडाशयाची गाठ काढल्यानंतर उद्भवलेल्या प्राणघातक आंत्ररोधाची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेने निर्माण झालेल्या बंधांनीच आतडे अडविले होते. शस्त्रक्रियेमागून येणाऱ्या या संकटाच्या इतिहासात आरंभीची नोंद म्हणून तिचा आजही उल्लेख होतो. येथून पुढे हंटरचा मित्र शत्रू ठरला. शब्द मात्र तोच राहिला.

या शत्रूच्या उत्पत्तीचा शोध हा एक स्वतंत्र विषय आहे. त्याचा येथे धावता उल्लेख पुरे. हॉल्स्टेड याने १८९० च्या सुमारास बाल्टिमोर येथे रबरी हातमोजे वापरात आणले. ते चढविण्यासाठी भुकटी लागे. ही भुकटी, विशेषतः शंखजिऱ्याची, पोटात सांडून गाठी व बंध उत्पन्न करते हे कळल्यावर १९४० च्या दशकात तिच्या जागी पिठूळ स्टार्च आला. तोही निरुपद्रवी नव्हता, आणि अमेरिकेने भुकटीच्या हातमोज्यांवर बंदी घातली ती २०१७ साली. दुसरीकडे, पर्युदराचा, म्हणजे पोटाच्या पोकळीला आतून अस्तर लावणाऱ्या पातळ पडद्याचा, उघडा पडलेला भाग टाके घालून नीट झाकला की बंध होत नाहीत, अशी शल्यविशारदांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा होती. हॅरल्ड एलिस याने १९६२ व १९७१ मधील लेखांत दाखविले की असा उघडा भाग आपोआप गुळगुळीत भरून येतो. उलट टाक्यांनी आवळून ज्या ऊतीचा रक्तपुरवठा तुटतो तीच रक्ताच्या शोधात शेजाऱ्याला धरते. जखमेनंतर काही तासांत तंतुमय चिकट द्रव्य पाझरते. रक्तपुरवठा ठीक असेल तर ते काही दिवसांत विरघळते, नसेल तर त्यात पेशी शिरतात, रक्तवाहिन्या शिरतात आणि कायमचा बंध तयार होतो. काळजीपूर्वक घातलेला टाकाच अनेकदा अपकारक ठरला, हे मान्य करणे त्या व्यवसायास सोपे गेले नसावे.

आपला मुख्य विषय वेदना हा आहे, आणि तिच्याविषयीचा पहिला महत्त्वाचा पुरावा जाग्या रुग्णांकडून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील उप्साला येथे लेनांडर हा शल्यविशारद केवळ जागा बधिर करून पोटाच्या शस्त्रक्रिया करीत असे. रुग्ण शुद्धीवर असल्याने त्याला विचारता येई. आतडे कापले किंवा डागले तरी रुग्ण तक्रार करीत नसे. परंतु आतड्याच्या मुळाशी असलेली घडी ओढली, किंवा पोटाच्या भिंतीचे अस्तर ताणले, की तो कळवळे. म्हणजे पोट जाणते ते कापणे नव्हे, ओढणे जाणते. शूळ या नावातील भोसकण्याची प्रतिमा आणि प्रत्यक्ष इंद्रियाचा स्वभाव यांत असा विरोध निघाला.

या शोधाचा उपयोग वेदनाग्रस्तांना झाला असता, परंतु पुढील वीस वर्षांत दोन टोके दिसून येतात. एका टोकास लंडनचे सर आर्बथनॉट लेन. मनुष्य दोन पायांवर उभा राहू लागल्याने त्याची आतडी खाली ओघळली, त्यांना तोलण्यासाठी पोटात बंध व पडदे निर्माण झाले, त्यांनी आतड्यास मुरड पडली, मळ साचला आणि त्यातून सर्व शरीरात विष भिनले, अशी त्यांची उपपत्ती होती. त्यांनी हे बंध तोडले, आणि पुढे बंधांवर न थांबता मोठे आतडेच काढून टाकण्याचा सपाटा लावला. १९१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर मोठा वाद झाला. महायुद्धानंतर ही उपपत्ती मागे पडली. लेन यांची चूक अतिविश्वासाची होती. बंध दिसला, वेदना होती, म्हणून बंधाची वेदना, हा त्यांचा तर्क. तिच्यापायी ज्यांची पोटे उघडली गेली त्यांच्या पोटांत नवे बंध निर्माण झाले असणार, हे सांगावयास नकोच.

दुसऱ्या टोकास रॉबर्ट हचिसन हे वैद्य. १९२३ साली त्यांचे एक व्याख्यान ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी अशा रुग्णांना 'जुनाट पोट' हे नाव दिले. हे रुग्ण बहुधा स्त्रिया, त्यातही अविवाहित वा अपत्यहीन, आणि खात्यापित्या घरच्या, असे त्यांचे निरीक्षण होते. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या या स्त्रियांना शल्यविशारदांच्या हातून सोडवावे हा त्यांचा हेतू प्रशंसनीयच होता. परंतु नावाची घडण पाहावी. अवयवाचे नाव सबंध माणसास दिले गेले, आणि माणूस नाहीसा झाला. 'जुनाट पोट' काही सांगू लागले तर ते कोण ऐकणार? लेन यांनी पुष्कळांची पोटे कापली. हचिसन यांच्या शब्दाने पुष्कळांचे बोलणे कापले. नुकसान कोणते अधिक, याचा निवाडा करणे कठीण आहे.

या बाबतीत आपल्या भाषेलाही नामानिराळे राहता येत नाही. 'पोटशूळ उठला', 'त्याची पोटदुखी निराळीच आहे' हे प्रयोग मराठीत मत्सराचे वाचक झाले आहेत. डोकेदुखीचा लाक्षणिक अर्थ त्रास देणारी गोष्ट असा होतो, म्हणजे दोष बाहेर जातो. पोटदुखीचा दोष मात्र दुखणाऱ्याच्याच मनात शोधला जातो. जे दिसत नाही, ज्याचा ताप चढत नाही, ज्याला सूज येत नाही, अशा दुखण्याविषयी समाज जो संशय बाळगतो तो येथे वाक्प्रचारात गोठला आहे. प्रस्तुत लेखकाच्या आप्तांपैकी एक वडीलधाऱ्या बाई आंत्रपुच्छ फुटल्यानंतरच्या शस्त्रक्रियेतून वाचल्या आणि पुढे वीसहून अधिक वर्षे सूर्यास्तानंतर भाताचे शीतही त्यांनी तोंडात घातले नाही. घरातील नव्या सुना ते व्रत समजत. बाईंनीही तो समज कधी दूर केला नाही. व्रताला मान होता, दुखण्याला नव्हता.

महाराष्ट्रात, किंबहुना सर्व भारतात, शस्त्रक्रियेखेरीज चिकटण्याचे दुसरे मोठे कारण क्षय हे आहे. पोटाच्या क्षयाच्या एका प्रकारात आतडी, वपा व पर्युदर यांचा एकच गोळा बनतो. स्पेन्सर वेल्स याने १८६२ साली अंडाशयाची गाठ समजून एक पोट उघडले, आत क्षय निघाला, त्याने पोट बंद केले आणि रुग्ण स्त्री बरी झाली. त्यानंतर कित्येक दशके या क्षयावर नुसते पोट उघडणे हाच उपचार मानला गेला. स्ट्रेप्टोमायसीनपासून सुरू झालेल्या औषधांच्या परंपरेने हा रोग आटोक्यात आला, पण जंतू मेले तरी त्यांनी बांधलेल्या गाठी सुटतातच असे नाही. कागदोपत्री रुग्ण बरा होतो. स्त्रियांच्या ओटीपोटातील जंतुदोषानंतरही हेच घडते, आणि त्याविषयी बोलण्याची चोरी असल्यामुळे तेथे मौन आणखी दाट असते.

१९९० नंतर या विषयात मोजमाप आले. मेंझीस व एलिस यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या २१० जणांपैकी ९३ टक्क्यांच्या पोटांत बंध आढळले. प्रथमच पोट उघडलेल्या ११५ जणांत हे प्रमाण १०.४ टक्के होते. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाची किंवा ओटीपोटाची शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार सुमारे एक-तृतीयांश लोक बंधांशी निश्चित वा संभाव्य संबंध असलेल्या कारणांनी सरासरी २.१ वेळा पुन्हा रुग्णालयात दाखल झाले. हे आकडे मोलाचे आहेत. तथापि त्यांत दाखल झालेला रुग्ण मोजला जातो. रात्रीचे जेवण सोडून घरात राहिलेला कोणत्याही रकान्यात येत नाही. शिवाय ९३ टक्के या आकड्याला दुसरी धार आहे : बंध जर जवळपास सर्वांनाच होतात आणि त्यांतील बहुतेकांना काही दुखत नाही, तर बंध दिसला एवढ्यावरून वेदनेचे कारण सापडले असे म्हणता येत नाही. लेन यांची चूक येथे आकड्यांत उमगते.

मग बंध दुखतो तरी का? २००१ साली लंडनमधील संशोधकांनी मानवी बंधांत वेदना वाहणारे मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. बंध म्हणजे निर्जीव दोरी, ही समजूत त्याने मोडली. परंतु हे तंतू दुखणाऱ्यांच्या बंधांत तसे न दुखणाऱ्यांच्या बंधांतही सापडले, त्यामुळे कोडे पुरते सुटले नाही. त्याआधी, १९९० च्या दशकात, काही शल्यविशारदांनी लेनांडरची वाट पुन्हा धरली होती. लोक जिला 'दुर्बीण' म्हणतात ती नळी रुग्ण जागा असताना पोटात घालून ते एकेक बंध हलके ओढीत आणि विचारीत, हीच का ती वेदना? काही बंधांना रुग्ण 'हीच' म्हणत, इतरांना नाही. शंभर वर्षांच्या अंतराने शल्यविशारद पुन्हा रुग्णाच्या शब्दाकडे आला, एवढे येथे नोंदविले पाहिजे.

बंध सोडविल्याने वेदना जाते का, याची कसोशीची परीक्षा नेदरलंड्समध्ये झाली व तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जुनी पोटदुखी असलेल्या व दुर्बिणीने बंध दिसलेल्या शंभर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाचे बंध सोडविले, दुसऱ्याची नुसती पाहणी केली, आणि आपण कोणत्या गटात हे रुग्णांना सांगितले नाही. वर्षाअखेर दोन्ही गटांची वेदना पुष्कळ उतरली होती, आणि दोहोंत फरक नव्हता. बारा वर्षांनंतरचा मागोवा २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात नुसती पाहणी झालेल्यांची स्थिती अधिक बरी आढळली. बंध सोडविणे हीसुद्धा शस्त्रक्रियाच असल्याने तिच्यामागून नवे बंध येतात, हे तर उघडच आहे. या निकालाचा उपयोग पुढे कोणी वेदना काल्पनिक असल्याचा पुरावा म्हणून करू पाहील, तर ते चूक ठरेल. प्रयोगाने एका उपायाची परीक्षा केली, वेदनेची नव्हे. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. दोन्ही गटांतील माणसांचे म्हणणे, पोटात डोकावून पाहण्याइतके, कोणीतरी खरे मानले होते.

राहता राहिला शब्दांचा प्रश्न. एलिस यांचा लेख ज्या १९७१ साली आला त्याच वर्षी मेल्झॅक व टॉर्गरसन यांनी वेदनेच्या भाषेवरील आपला निबंध प्रसिद्ध केला आणि इंग्रजीतील १०२ वेदनावाचक शब्दांचे वर्गीकरण केले. त्यातून १९७५ साली मॅक्‌गिल प्रश्नावली तयार झाली. तिच्या वीस गटांपैकी एक गट ओढण्या-खेचण्याच्या शब्दांचा आहे. त्यात तीनच शब्द आहेत. या बाबतीत मराठीचे भांडार लहान नाही. ठणका, चमक, तिडीक, कळ, कढ हे शब्द बाजूस ठेवले तरी पोटाविषयी बोलताना 'ओढ बसते', 'पीळ पडतो', 'आत तटते', 'खेचल्यासारखे होते', 'गाठ मारल्यागत वाटते' असे किती तरी प्रयोग सहज होतात. यांतील पुष्कळांची रचना अकर्तृक आहे. 'पोटात ओढते' या वाक्यात ओढणारा कोणी नाही आणि ओढला जाणाराही स्पष्ट नाही. केवळ क्रिया आहे आणि तिचे स्थान आहे. 'माझे पोट दुखते' येथे पोट हा कर्ता असून माणूस षष्ठीत सरकला आहे, आणि 'मला कळ येते' येथे कळ पाहुण्यासारखी येते व जाते. बोलणारा हे भेद नकळत पण नेमके पाळतो. सतत असणाऱ्या दुखण्यास तो 'येते' म्हणत नाही.

आसंजन हा या अवस्थेसाठी सुचणारा संस्कृत घडणीचा शब्द 'सञ्ज्' या धातूपासून आला आहे. संग, प्रसंग आणि आसक्ती हे त्याचे सख्खे भाऊ. शब्द अर्थवाही आहे, पण तोही बंधाचेच नाव आहे, वेदनेचे नव्हे. वेदनेचे वर्णन रुग्णाच्या क्रियापदांत आहे, आणि ती क्रियापदे टिकत नाहीत. जिल्ह्याच्या रुग्णालयात एखादी बाई सांगते की जेवून उजव्या कुशीवर वळले की बेंबीच्या डावीकडे आत काहीतरी तटते आणि पाठीपर्यंत ओढते, उभे राहिले की थोडे सैल होते. केसपेपरवर दोन इंग्रजी शब्द उतरतात : 'पेन ॲब्डोमेन'. तिने सांगितलेली स्थिती, दिशा, जेवणाशी असलेला संबंध, सैल होण्याची वेळ, हे सारे त्या दोन शब्दांच्या बाहेर राहते. अलीकडे हालती चित्रे घेणाऱ्या एम्‌आर्‌आय्‌ तपासणीत आतडी एकमेकांवरून कोठे सरकत नाहीत हे पाहता येऊ लागले आहे. कोणत्या जागी पाहावयाचे हे ठरविताना बाईचे ते वाक्य कामी आले असते. पन्नास वर्षांनी या दुखण्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यास केसपेपरांचे गठ्ठे मिळतील, आणि त्यांत ते दोन शब्दच पुन्हा पुन्हा आढळतील.